वळणापलीकडचे दिवे

'अप अराउंड द बेंड' या गाण्यात शब्द येण्याआधीच गिटार आपल्याला बोलावून घेते. वरच्या सप्तकात, एकाच छोट्या तुकड्याला धरून ती खणखणीत वाजते, एकदा वरच्या जागी आणि मग थोडं खाली उतरून. सूर मोजकेच आहेत, कसरत तर अजिबात नाही. गर्दीत हरवलेल्या मित्राला गाठण्यासाठी कुणी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारावी, तसा तो आवाज सगळ्या कोलाहलातून वाट काढत नेमका आपल्यापर्यंत येतो. पुढे गायक काय म्हणणार आहे ते कळायच्या आत पाय उचललेला असतो.

ही हाक रॉकच्या इतिहासात दोनदा महत्त्वाच्या क्षणी वाजली. १९७० साली जॉन फॉगर्टीने ती आपल्या क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडसाठी रचली. १९८४ साली फिनलंडच्या हनोई रॉक्सने तीच हाक आपल्या अल्बमच्या अगदी दारात उभी केली. दोन्ही ध्वनिमुद्रणांत शब्द तेच, चाल तीच, ती तीन साधी कॉर्ड्सही तीच. तरीही दोन्ही लागोपाठ ऐकली की मला दर वेळी वाटतं, या दोन गाण्यांतले रस्ते एकमेकांच्या उलट दिशेने जातात. माझ्या लेखी या कव्हरची सगळी थोरवी त्या उलट्या दिशेत आहे.

आधी फॉगर्टीकडे जायला हवं. क्रीडन्सची चार पोरं कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोची. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं हे साधं उपनगर. त्यांनी गाणी मात्र लुइझियानाच्या दलदलींची, मिसिसिपीवरच्या आगबोटींची, दक्षिणेतल्या उकाड्याची गायली, आणि तीही अशा उच्चारात की ऐकणाऱ्याला ती तिथलीच वाटावीत. फॉगर्टीने हा दक्षिणेचा मुलूख जुन्या तबकड्या, रेडिओ आणि सिनेमे यांतून मनात उभा केला होता. त्यात राहायला जायची त्याला गरज वाटली नाही, कारण त्या मुलुखाचा ताल त्याच्या हातात पक्का बसलेला होता.

दुसरी गोष्ट त्याच्या शिस्तीची. साठच्या दशकाच्या शेवटी, आजूबाजूला सगळं सॅन फ्रान्सिस्को धुरात तरंगत असताना, फॉगर्टीने आपल्या बँडला नशेपासून लांब ठेवलं. तालीम रोज, नोकरीवर जावं तशी. गाणी त्याची, गायन त्याचं, मांडणी त्याची, मुख्य गिटारही त्याचीच. थोरला भाऊ टॉम दुसरी गिटार धरायचा, स्टू कुक बेस आणि डग क्लिफर्ड ड्रम. १९६९ या एका वर्षात त्यांचे तीन अल्बम आले. 'अप अराउंड द बेंड' १९७०च्या वसंतात सिंगल म्हणून निघालं, मग त्याच वर्षीच्या 'कॉस्मोज फॅक्टरी'त आलं. अमेरिकेत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं, ब्रिटनमध्ये तिसऱ्या.

कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांमधून मोटरसायकल चालवताना त्याला हे गाणं सुचलं, असं सांगतात, आणि चालीतही ते ऐकू येतं. डग क्लिफर्डचा ठेका घाई करत नाही. इंजिन एका गतीला स्थिरावल्यावर जशी धडधड जाणवेनाशी होते, तसा तो गाण्याच्या खाली बसून राहतो. वाद्यांमध्ये भरपूर मोकळी जागा आहे. बेस कुठे संपतो आणि गिटार कुठे सुरू होते, ते बोटाने दाखवता येईल. या मोकळ्या जागेतच फॉगर्टीचा आवाज घुसतो, तार स्वराला ताणलेला, कडेला खरखरीत, पण सुराला अचूक.

तो काय सांगतो? पुढे एक जागा आहे. रस्ता जिथे संपतो तिथे, शहरी झगमगाट मागे पडून झाडंझुडपं सुरू होतात तिथे. बरोबर गाणं घ्या, हसू घ्या, बुडणारं ते बुडू द्या, आणि या. तिथे बोलायला सवड आहे, ऐकून घेणारं कुणी आहे. १९७०च्या अमेरिकेत हे आमंत्रण कशातून बाहेर पडण्याचं होतं, ते वेगळं सांगायला नको. व्हिएतनाममधून शवपेट्या येत होत्या, आणि याच सिंगलच्या मागच्या बाजूला 'रन थ्रू द जंगल' होतं. अनेक श्रोत्यांनी ते व्हिएतनामचं गाणं मानलं. फॉगर्टीने मात्र नंतर सांगितलं की ते अमेरिकेतल्या बंदुकांच्या सुळसुळाटावर आहे. तबकडीच्या एका बाजूला भीतीने भरलेलं रान, दुसऱ्या बाजूला वळणापलीकडची प्रसन्न झाडी. लागोपाठ ऐकली की दुसरीतला आनंद भाबडा वाटत नाही. ज्याने पहिलं रान पाहिलंय त्याचा तो आनंद आहे.

आता हेलसिंकी. अँडी मॅकॉय या नावाने पुढे ओळखला गेलेला अंटी हुल्को सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रियार्ड या फिनिश पंकच्या पहिल्यावहिल्या बँडमध्ये गिटार वाजवत होता. त्यानंतर तो आणि बेस वाजवणारा सॅम याफा दोघेही पेले मिल्योना या गायकाच्या बँडमध्ये होते. १९८० साली त्या बँडने 'मोओत्तोरितिए ओन कूमा' हे गाणं केलं, ज्याच्या नावातच तापलेला महामार्ग आहे. फिनलंडमध्ये ते आजही सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे पुढे फॉगर्टीचं रस्त्याचं गाणं हाती घेणाऱ्या या दोघांनी त्याआधी आपल्या देशाचं सगळ्यात लाडकं रस्त्याचं गाणं वाजवलेलं होतं. हा योगायोग मला फार आवडतो, कारण तो सांगतो की यांना रस्ता कळत होता, आणि रस्ता त्यांना कुठे नेणार हेही त्यांनी ठरवलेलं होतं. तो त्यांना जंगलाकडे नेणार नव्हता. जंगल तर हेलसिंकीच्या वेशीपासूनच सुरू होतं.

गायक मायकेल मनरो, खरं नाव मत्ती फागेरहोल्म. सोनेरी केसांचा डोंगर, काजळ, लिपस्टिक, हातात कधी सॅक्सोफोन तर कधी हार्मोनिका. दुसरी गिटार यान स्टेनफोर्सकडे, ज्याने नॅस्टी सुइसाइड हे नाव घेतलं. ड्रमवर जिप कसीनो. बँडच्या नावामागे जॉनी थंडर्सच्या हार्टब्रेकर्सचं 'चायनीज रॉक्स' होतं, हेरॉइनवरचं गाणं. त्याच्या दहा वर्षं आधी अमेरिकी घरांमध्ये हनोई हा शब्द उच्चारला की टीव्हीवरचं युद्ध आठवायचं. या पोरांना त्यात दूरदेशीचं आकर्षण तेवढं ऐकू आलं. पहिल्या अल्बमच्या नावात बँकॉक, सायगाव आणि हनोई एकाच ओळीत बसवून ते मोकळे झाले. फॉगर्टीने न पाहिलेली दक्षिण गायली, यांनी न पाहिलेली पूर्व मिरवली. 'मालिबू बीच नाइटमेअर' हे गाणंही त्यांनी अमेरिकेत पाऊल ठेवण्याआधीचं. रॉकमध्ये माणूस कुठून आला यापेक्षा कुठे असायला हवं होतं हे त्याने ठरवावं, ही मुभा या दोन बँडांनी जितकी मनापासून घेतली तितकी फार थोड्यांनी घेतली असेल.

१९८०मध्ये ते स्टॉकहोमला गेले. मॅकॉयला मैत्रिणीच्या घरी आसरा होता. बाकीचे अक्षरशः रस्त्यावर राहिले, भुयारी रेल्वेच्या स्थानकांत झोपले, लोकांकडे पैसे मागितले. १९८१ला पहिला अल्बम, १९८२ला 'ओरिएंटल बीट', आणि मग लंडन. जिप कसीनोच्या जागी आला निकोलस डिंग्ली, वाइट बेटाकडचा एक हसतमुख इंग्रज, सगळ्यांसाठी रॅझल. 'सेल्फ डिस्ट्रक्शन ब्लूज'च्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आहे, आत ड्रम मात्र जिपने वाजवलेले. पुढच्या 'बॅक टू मिस्ट्री सिटी'वर तो पुरता दिसतो. त्याच्या येण्याने बँडला कणा मिळाला. तोवरचं त्यांचं वाजवणं गोड होतं पण डगमगतं. रॅझलने ते जमिनीवर आणलं.

त्यांच्या संगीताला स्लीझ रॉक म्हणतात. रोलिंग स्टोन्सचा माज, न्यूयॉर्क डॉल्सचा नटवेपणा, स्टूजेसचा राकटपणा आणि ब्रिटिश ग्लॅमचा पोरकट टाळ्या-ठेका यांचं हे मिश्रण. रात्र, दारू, उधारी, भाड्याची खोली, फाटलेले मोजे हे त्याचे विषय. ऐंशीच्या दशकात लॉस एंजलिसच्या सनसेट स्ट्रिपवर या शैलीचा बाजार भरला. मॉटली क्रू, मग फास्टर पुसीकॅट, एल. ए. गन्स, आणि सगळ्यांना झाकोळणारे गन्स अँड रोझेस. पण त्या बाजारातल्या पुष्कळ बँडांकडे नसलेली एक गोष्ट हनोई रॉक्सकडे होती: विषाद. मॅकॉयच्या चाली उसळत्या असतात, पण त्यांच्या तळाशी उत्तरेकडची एक उदास सुरावट वाहत असते. 'डोन्ट नेव्हर लीव्ह मी' ऐका. ते कुण्या गुर्मीतल्या पोराचं गाणं नाही, सोडून जाण्याची भीती बसलेल्या मुलाचं आहे. मनरो हे सगळं इतक्या निखळ मनाने गातो की त्यात अश्लीलतेला जागाच उरत नाही. त्याने स्वतःला त्या फुगीर केसांच्या मेटल बँडांत कधी मोजलं नाही, आणि कान उघडे ठेवून ऐकणाऱ्यानेही मोजू नये.

दुसऱ्यांची गाणी गाणं हा त्यांचा जुना शिरस्ता. १९८३च्या डिसेंबरात लंडनच्या मार्की क्लबमध्ये मुद्रित झालेला 'ऑल दोज वेस्टेड इयर्स' हा जाहीर कार्यक्रमाचा अल्बम घ्या. सुरुवात 'पाइपलाइन' या सर्फ संगीताच्या वाद्यधुनीने. शेवटाकडे हॉइट अॅक्स्टनचं 'लाइटनिंग बार ब्लूज', अॅलिस कूपरचं 'अंडर माय व्हील्स', स्टूजेस, आणि 'ट्रेन केप्ट अ-रोलिंग'. ही नुसती आवडती गाणी नव्हेत. आपण कुणाचे वारस आहोत हे ते एकेक नाव घेऊन सांगत होते. त्यातल्या कूपरच्या गाण्याचा निर्माता होता बॉब एझरिन. पुढच्याच वर्षी तो त्यांचा निर्माता झाला.

एझरिन म्हणजे कूपरचे सत्तरच्या दशकातले अल्बम, लू रीडचा 'बर्लिन', किसचा 'डिस्ट्रॉयर', पिंक फ्लॉइडचा 'द वॉल'. भव्यतेचा माणूस. 'टू स्टेप्स फ्रॉम द मूव्ह' हा हनोई रॉक्सचा सीबीएससारख्या मोठ्या कंपनीसाठीचा पहिला अल्बम. त्यात मॉट द हूपलचा इयन हंटरही शब्दांना हात लावायला आला. आधीचा स्टुडिओ अल्बम 'बॅक टू मिस्ट्री सिटी' त्याच मॉटच्या दोन जुन्या सभासदांनी, डेल ग्रिफिन आणि ओव्हरएंड वॉट्स यांनी निर्मिला होता, म्हणजे घराणं एकच. आयुष्यभराची संधी समोर असताना या बँडने अल्बमचं पहिलं गाणं म्हणून स्वतःची कुठलीही चाल न ठेवता फॉगर्टीचं गाणं ठेवलं.

आता ते गाणं. पहिला धक्का हा की त्यांनी काही बदललेलंच नाही. कव्हर करताना बहुतेक बँड आपली सही उमटवायला धडपडतात, लय मोडतात, सूर काळवंडतात, उपहास करतात. हनोई रॉक्सने ती हाक जशीच्या तशी उचलली. गिटारचा तोच तुकडा, तेवढ्याच उंचीवर. फरक आहे तो तिच्या भोवतीच्या हवेत. क्रीडन्सच्या गिटारभोवती मोकळं आकाश होतं. इथे तिच्या मागे दुसरी गिटार भिंतीसारखी उभी राहते आणि रॅझलचा ड्रम मोठ्या दालनात वाजावा तसा घुमतो. हाक तीच, पण आता ती टेकडीवरून येत नाही. दिवे पेटलेल्या सभागृहाच्या उघड्या दारातून येते.

दुसरा फरक गळ्यांचा. फॉगर्टी एकटा माणूस आहे. तो पुढे जाऊन आलाय, पाहून आलाय, आणि परतून बाकीच्यांना सांगतोय. त्याच्या आवाजात अधिकार आहे, थोडा धर्मोपदेशकाचाही. हनोईच्या कोरसमध्ये घोळका ओरडतो, आणि घोळका ओरडला की आमंत्रणाचा अर्थच बदलतो. मूळ गाण्यात ती जागा पुढे आहे आणि आपल्याला तिथवर जायचंय. या गाण्यात ती माणसं जिथे ओरडत उभी आहेत तीच जागा ती. वळण आधीच मागे पडलेलं आहे. माझ्या मते एझरिनची खरी करामत ही. जाड आवाजाच्या त्याच्या सवयीबद्दल माझी तक्रार पुढे येईल, पण कोरसला गर्दी बनवण्याचा हा निर्णय अचूक होता.

आणि मनरोचा उच्चार! फॉगर्टीने दक्षिणेचा उच्चार अंगी बाणवला, हा फिनिश पोरगा त्या बाणवलेल्या उच्चाराला आपल्या जिभेवर घेतो. दोनदा उसना घेतलेला मुलूख. अशा वेळी खोटेपणा ऐकू यायला हवा, पण येतो तो उत्साह. शब्दाच्या शेवटाला मनरो एक धारदार उसळी देतो, श्वास लवकर घेतो, पुढच्या ओळीत जणू उडी टाकतो. फॉगर्टी प्रत्येक ओळ पूर्ण टेकवून मग पुढे जातो. मनरोला टेकायला वेळ नाही. मूळ गायकाने ती जागा पाहिलेली आहे, याला ती पाहायची घाई आहे.

इथे मी मघाच्या उलट्या दिशेशी येतो. फॉगर्टीच्या गाण्यात रस्ता निऑनच्या दिव्यांकडून झाडांकडे जातो. शहर सोडा, असं ते गाणं म्हणतं. पण ज्या पोरांनी आयुष्याची सुरुवात झाडांनी वेढलेल्या, हिवाळ्यात दुपारीच अंधारणाऱ्या देशात केली, त्यांना वळणापलीकडे काय हवं असणार? दिवे. स्टॉकहोमच्या स्थानकांत झोपताना, लंडनच्या दमट खोल्यांत राहताना त्यांनी दिव्यांचाच माग काढला. ते शब्द न बदलता गातात, झाडांकडे चला असंच गातात, आणि आपल्याला ऐकू येतं दिव्यांकडे चला. शब्दांत नसलेला अर्थ आवाजाच्या वळणातून, ड्रमच्या घुमण्यातून, घोळक्याच्या ओरडण्यातून वर येतो. अर्थ शब्दकोशात राहत नाही, गाणाऱ्याच्या गरजेत राहतो, याचा इतका स्वच्छ पुरावा मी दुसऱ्या कुठल्या कव्हरमध्ये ऐकलेला नाही.

त्यातून स्लीझ रॉकबद्दलही काही कळतं. या शैलीला बाहेरून पाहणारे तिच्या घाणीबद्दल बोलतात. फॉगर्टीसारख्या निर्मळ, नशेला दार बंद ठेवणाऱ्या माणसाच्या या गाण्यात एकही घाणेरडा शब्द नाही, तरी ते हनोई रॉक्सच्या अंगावर इतकं चपखल बसतं, ते का? कारण घाण हा त्यांचा केवळ पोशाख होता. आत मूळ भावना फॉगर्टीचीच होती: पुढे कुठेतरी बरं आहे, आणि तिथे एकट्याने जाण्यात मजा नाही.

आता तक्रार. एझरिनचा हात जड आहे. क्लिफर्ड आणि कुक यांच्यातली ती हवेशीर फट त्याने बुजवून टाकली. बेस गिटारांच्या खाली दबतो, आणि सॅम याफासारखा लवचिक बेसवादक असताना हे व्हायला नको होतं. मार्कीच्या कार्यक्रमात हाच बँड चुका करत, घामाघूम होत जो जिवंतपणा दाखवतो त्याचा चौथा हिस्सा इथे स्टुडिओने खाल्ला. मला हे गाणं त्या मार्कीच्या आवाजात ऐकायला मिळालं असतं तर मी बाकी काही मागितलं नसतं.

ब्रिटनमध्ये ते एकसष्टाव्या क्रमांकावर थांबलं, अल्बम अठ्ठाविसाव्यावर. आकडे मोठे नाहीत. पण त्या वेळी या गाण्याचा मूळ मालक काय करत होता हे लक्षात घेतलं तर या कव्हरला आणखी एक वजन येतं. फॅन्टसी या आपल्या जुन्या रेकॉर्ड कंपनीशी फॉगर्टीचं इतकं बिनसलं होतं की क्रीडन्सची गाणी गायला तो तयारच नव्हता. गाण्यांचे हक्क कंपनीकडे, त्यामुळे आपल्याच गाण्याने दुसऱ्याची तिजोरी भरायची हे त्याला सहन होत नव्हतं. १९८७पर्यंत त्याने ती मंचावर बाजूलाच ठेवली. पुढे तर त्याच्या १९८४च्या 'द ओल्ड मॅन डाउन द रोड'वर कंपनीने दावा लावला की हे 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे. म्हणजे स्वतःचीच नक्कल केल्याचा आरोप, आणि तोही या सिंगलच्या मागच्या बाजूच्या गाण्यावरून! १९८८मध्ये तो गिटार घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, गाणी कशी बनतात हे वाजवून दाखवलं, आणि ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. गाण्यांच्या प्रकाशन हक्कांतला मोठा वाटा त्याच्या हाती परत आला तो २०२३ साली. तर १९८४मध्ये 'अप अराउंड द बेंड' हे बाप जिवंत असून पोरकं झालेलं गाणं होतं. बापाला ते गाण्याची इच्छा उरलेली नव्हती. अशा वेळी सगळ्या गात्रांनिशी, कसलाही कडवटपणा न आणता ते कुणीतरी गात होतं, आणि ते गाणारे हेलसिंकीचे होते.

१९८४च्या अखेरीला ते अमेरिकेत पोचले. दौऱ्यावर मनरोचा घोटा मोडला आणि कार्यक्रम थांबले. बाकीचे लॉस एंजलिसला गेले. ८ डिसेंबरला रेडोंडो बीचला मॉटली क्रूचा गायक व्हिन्स नील याच्या घरी दिवसभर पार्टी चालली होती. दारू आणायला नील गाडी घेऊन निघाला, शेजारी रॅझल. नील प्यायलेला होता. परतताना गाडी घसरून समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. रॅझल गेला, चोवीस वर्षांचा. दुसऱ्या गाडीतली दोन माणसं गंभीर जखमी झाली. नीलला तीस दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली, शिवाय सुमारे २५ लाख डॉलरची भरपाई आणि समाजसेवा. मॉटली क्रूने पुढचा 'थिएटर ऑफ पेन' हा अल्बम रॅझलच्या नावे अर्पण केला.

रस्ता, वळण, गाडी: या गाण्याचा त्या रात्रीशी धागा जोडण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो अन्याय वाटतो, गाण्यावरही आणि रॅझलवरही. मुद्रणाच्या वेळी त्या माणसाच्या हातात काठ्या होत्या आणि डोक्यात उद्याचा दिवस होता. त्याच्या ठोक्यात मरणाची चाहूल शोधणाऱ्याला त्याचं वाजवणं ऐकूच येणार नाही. पुन्हा ऐकायचं असेल तर दुसऱ्या कडव्यात प्रवेश करताना तो ठेक्याला जो पुढे ढकलतो ते ऐकावं. एवढ्या जाड मिश्रणातही त्याचा हात ओळखू येतो, उमदा आणि सरळ.

त्यानंतरचं थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. १९८५ उजाडताच हेलसिंकीच्या कुल्तुरितालोमध्ये, आल्वार आल्तोने बांधलेल्या त्या सुंदर सभागृहात, क्लॅशचा टेरी चाइम्स ड्रमवर बसला आणि रॅझलच्या आठवणीत कार्यक्रम झाला. मग सॅम याफा गेला, आणि त्याच वर्षी बँडही मोडला. चार वर्षांनी गन्स अँड रोझेसने आपल्या उझी सुइसाइड या लेबलवर हनोई रॉक्सचे जुने अल्बम अमेरिकेत पुन्हा काढले. मनरोने १९९१च्या 'यूझ युअर इल्युजन'च्या पहिल्या भागात 'बॅड ऑब्सेशन'वर सॅक्सोफोन आणि हार्मोनिका वाजवली, आणि १९९३च्या 'द स्पॅगेटी इन्सिडंट?' या त्यांच्या कव्हरांच्या अल्बममध्ये 'एन्ट इट फन' अॅक्सल रोझसोबत गायला. ज्यांनी या शैलीतून लाखो प्रती विकल्या त्यांनी ऋण मान्य केलं, ही समाधानाची बाब आहे. पण ऋण मान्य होणं आणि वेळेवर मंच मिळणं यांतलं अंतर ज्यांनी मोजायचं, त्यांतला एक जण तेव्हा नव्हता.

२००१नंतर मनरो आणि मॅकॉय यांनी नवे साथीदार घेऊन बँड पुन्हा उभा केला. तीन अल्बम आले, आणि २००९च्या एप्रिलमध्ये हेलसिंकीच्या ताव्हास्तिया क्लबमध्ये एकामागून एक आठ कार्यक्रम करून त्यांनी निरोप घेतला. २०२२ला मनरोच्या साठीनिमित्त हेलसिंकीत जिप कसीनोसकट मूळचे पाचही जण एका मंचावर आले. पुनरागमनाच्या त्या तीन अल्बमांतला 'स्ट्रीट पोएट्री' ऐकण्यासारखा आहे. पण १९८१ ते १९८४ ही चार वर्षं हाच खरा हनोई रॉक्स, आणि त्या चार वर्षांचा सगळ्यात उघडा, सगळ्यात आनंदी क्षण दुसऱ्याच्या गाण्यात साठवलेला आहे.

ज्याला हा बँड अजून ऐकायचाय त्याने क्रम असा ठेवावा: आधी 'रन थ्रू द जंगल', मग त्याच तबकडीची दुसरी बाजू, फॉगर्टीचं 'अप अराउंड द बेंड'. लगेच हनोई रॉक्सचं. तिथे थांबू नये. 'टू स्टेप्स फ्रॉम द मूव्ह' पुढे चालू द्यावा, 'डोन्ट यू एव्हर लीव्ह मी' येईपर्यंत. पहिल्या अल्बममधलं तेच गाणं त्यांनी इथे नव्याने वाजवलंय. म्हणजे एका बाजूला दुसऱ्याचं गाणं जसंच्या तसं, आणि चार गाण्यांनंतर स्वतःचंच जुनं गाणं बदलून. या दोहोंत कुठलं अधिक त्यांचं, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. माझा कौल बहुतेक दिवस पहिल्याकडे झुकतो.